ताईचे दात खरे कशावरून

माझ्या चुलत बहिणीचं लग्न मोडायला आलं होतं, कारण तिचे दात फार पांढरे होते. हे सांगितलं की समोरचा हसतो आणि मग मी थट्टा करते आहे का ते बघायला माझ्या चेहऱ्याकडे पाहतो. मी थट्टा करत नाही. मला ती जमत नाही.

ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. मी नागपूरला दंतवैद्यकाच्या पहिल्या वर्षाला होते. शाळा चंद्रपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये झालेली, त्यामुळे घरी आले की माझं मराठी परक्या घरी आलेल्या पाहुण्यासारखं अवघडून बसायचं. डोळ्यांत बघून बोलणं मला कधी जमलं नाही, म्हणून मी माणसांच्या तोंडाकडे बघायची. घरच्यांना वाटायचं, पोरगी भारी अभ्यासू आहे, सुट्टीतही दातच बघते.

खरं तर जिवंत माणसाच्या तोंडात मी तोवर बोटही घातलं नव्हतं. आम्ही मेणाचे ठोकळे कोरून दाढा बनवायचो आणि सूक्ष्मदर्शकाखाली दाताचे गुलाबी-जांभळे काप बघून त्यांची चित्रं काढायचो. दात कसा घडतो ते मला पाठ होतं. दुखणाऱ्या दाताचं काय करायचं ते अजिबात माहीत नव्हतं. पण आमच्या खेड्यात मी डॉक्टरीणबाई झाले होते, आणि मी ते खोडून काढत नव्हते, कारण खोडायचं म्हणजे बोलावं लागलं असतं.

खेडं नागभीडजवळचं. तिथे मोठे बाबा म्हणजे माझे थोरले काका, मोठी आई आणि त्यांची मुलगी ताई राहत. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही गडचिरोलीहून तिथे जायचो. त्या वर्षी ताईला बघायला पाहुणे येणार होते. ताईनं त्याआधी दोन स्थळं नाकारली होती. हे तिसरं तिनं स्वतःच वळवून आणलं होतं. मुलगा तिच्याबरोबर मास्तरकीच्या अभ्यासक्रमाला होता. दोघं दोन वर्षं एका वर्गात बसले आणि, ताईच्या म्हणण्याप्रमाणे, एकमेकांशी एकूण पाचसहा वाक्यं बोलले. मध्यस्थामार्फत स्थळ आलं तेव्हा घरच्यांना वाटलं की योग आला. मला तेवढं माहीत होतं, कारण जी बोलत नाही तिला सगळे सांगतात.

"हाच पाह्यजे," ताई मला विहिरीवर म्हणाली होती. "नाई झालं तं मी आता कोणासमोर पोहे घेऊन जानार नाई. सांगून ठेवते."

अडचण एकच होती. मुलाची आई तो लहान असताना गेली होती आणि त्याला आत्यानं वाढवलं होतं. वडिलांनी निरोप धाडला होता की माझी बहीण पाहून येईल, ती म्हणेल ते.

पाहुणे तिघं आले: आत्याबाई, मुलगा आणि मध्यस्थ भाऊ. मोठ्या बाबांनी नागभीडहून बर्फाची लादी पोत्यात भुसा घालून आणवली होती. लिंबाचं सरबत झालं. मध्यस्थ भाऊंनी ग्लास खाली ठेवून सुरुवातीलाच सांगितलं, "आपल्यात पत्रिका-बित्रिका नाई. धम्म घेतला तवाच ते सारं गावाबाहेरच्या घाणीत, गोदरीत टाकलं. पोरगा पाह्यचा, पोरगी पाह्यची, बस."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मग ताई पोहे घेऊन आली. तिनं मुलाकडे बघितलं आणि ती हसली.

आत्याबाईंनी हातातली बशी खाली ठेवली.

"पोरीले दात कवा बसवले?"

मोठ्या आईला वाटलं, आपल्या कानांत काही बिघाड झाला. "बसवले? उगवले जी. बसवून कायले?"

"लपवू नका बाई. आमी बी पाह्यले हायेत तसले."

त्यांनी कुठे पाहिले होते ते मध्यस्थ भाऊंनी खालच्या आवाजात समजावून सांगितलं. त्यांचं गाव जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. नाव मी सांगत नाही. त्या गावात सगळ्यांचे दात तपकिरी, कुणाचे पट्ट्यापट्ट्यांचे, कुणाचे ठिपक्यांचे. म्हाताऱ्यांचे गुडाखूची तंबाखू घासून काळे. अख्ख्या गावात पांढरे दात एकाच माणसाकडे होते, पेन्शनीत निघालेल्या हेडमास्तरांकडे, आणि ते त्यांनी नागपूरहून करवून आणले होते. हेडमास्तर जेवायला बसले की दात काढून पितळी फुलपात्रात ठेवत. लग्नात त्यांच्या पंगतीसमोर पोरांची गर्दी होई. तेव्हा पांढरे दात म्हणजे कवळी, आणि कवळी म्हणजे पेन्शनीचं वय, हे त्या गावात लहान पोरालाही ठाऊक होतं.

"पोरगी किती वर्षांची हाये, खरं सांगा," आत्याबाई म्हणाल्या. "अन् रागावू नका. आमी बैल घेतो तं दात पाह्यतो. ही तं सून हाये."

मोठे बाबा उठून उभे राहिले. "बैल हाये का माही पोरगी?"

"बैल असता तं एवढं विचारलं नसतं. जबडा उघडून पाह्यलं असतं."

ताई पोह्यांचं ताट धरून उभी होती, ओठ घट्ट मिटून. मुलगा स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत होता. तोही ओठ मिटूनच. दोघांचं ते एकूण सातवं वाक्य आता कधी होणार नाही असं मला वाटलं. तेवढ्यात मोठी आई म्हणाली, "थांबा. आमच्या घरची पोरगी दाताची डाक्टरीन हाये. तीच सांगन."

आणि तिनं मला दंडाला धरून पुढे ओढलं.

इतकी माणसं एकदम माझ्याकडे बघताहेत असं शाळेत पारितोषिक वितरणाला एकदा झालं होतं, आणि तेव्हा मी बक्षीस न घेताच स्टेजवरून उतरले होते. इथे उतरायला जागा नव्हती. दारात शेजारच्या बायाही जमल्या होत्या. मी आत्याबाईंच्या तोंडाकडे बघितलं आणि पुस्तकात होतं ते मराठीत सांगितलं.

"दाताचं वरचं पांढरं आवरण ज्या पेशी बनवतात, त्या दात उगवायच्या आतच मरून जातात. ते आवरण निर्जीव असतं."

बर्फ वितळून पोत्यातून थेंब पडत होते.

"मेले?" आत्याबाई म्हणाल्या. "पोरीचे दात मेलेले हायेत?"

"सगळ्यांचेच मेलेले असतात," मी म्हणाले. मला वाटलं, यानं धीर येईल.

"माह्ये नाई मेले," मध्यस्थ भाऊ म्हणाले आणि त्यांनी ओठांवर हात ठेवला.

ताईनं माझ्याकडे बघितलं. तो तिचा चेहरा मला अजून आठवतो. तिला राग आला नव्हता. कुणी आपलं घर पेटवावं आणि पेटवणारं आपलंच लहान मूल निघावं, तसं ती बघत होती. त्यामुळे मी पुढे बोलले. नाही तर मी आत जाऊन दार लावलं असतं.

दारातल्या बायांच्या पायांकडे माझं लक्ष गेलं. बोटांच्या बेचक्यांत गेल्या पावसाळ्यातल्या चिखल्यांचे डाग होते. मी त्यांनाच विचारलं. "रोवण्याच्या दिवशी धानाच्या बांधीत, चिखलात, तुम्ही ओळीनं उभ्या राहता ना?"

"राह्यतो."

"आणि रोवत रोवत मागे सरकता."

"मंग? पुढं गेलं तं आपलंच रोवलेलं तुडवलं जाईन."

"तसंच. समजा बांधीच्या मधोमध बायांच्या दोन ओळी समोरासमोर उभ्या आहेत, एकमेकींना नाक लागेल इतक्या जवळ. आधी एक ओळ वाकते आणि रोवायला लागते. तिचं बघून दुसरी वाकते. मग दोन्ही ओळी आपापल्या बाजूला मागे सरकत जातात, एकमेकींपासून लांब. मधे जे उभं राहतं तो दात."

"येवढ्या बाया दातात?" एकीनं विचारलं.

"हजारो."

"अन् बांधावर चहा कोन देते?"

"रक्त," मी म्हणाले. हे खरं आहे, पण त्यावर एकीनं पदर तोंडाला लावला.

मी घाईनं पुढे गेले. बाहेरच्या ओळीतल्या बाया उंच आणि बारीक. त्या मागे सरकत जातात आणि प्रत्येकीसमोर एक सरळ रांग तयार होते. रोजचं काम जिथे थांबतं तिथे बारीक रेघ राहते, आठवडाभराची जरा ठळक. कडेला पोचल्यावर त्या लगेच जात नाहीत. बांधावर बसून त्या बांधीतलं पाणी उपसून काढतात आणि आत चुना भरत राहतात, शेत दगडासारखं होईपर्यंत. मग त्या संपतात. दात हिरडीतून वर येतो तेव्हा त्यांच्यातली एकही उरलेली नसते. म्हणून वरचं पांढरं फुटलं की परत भरत नाही. रोवायला कुणीच नसतं.

"अन् आतल्या वं?"

"आतल्या सरकत सरकत अंगणात, म्हणजे दाताच्या मधल्या पोकळीत येतात आणि तिथेच राहतात. प्रत्येकीनं आपण लावलेल्या पहिल्या रोपाला दोरी बांधलेली असते, तिचं दुसरं टोक कमरेला. ती दोरी सुटत नाही. जन्मभर त्या अंगणात उभ्या असतात आणि थोडं थोडं रोवत राहतात. अंगण लहान होत जातं."

"ह्या आतल्या म्हणजे आमीच की वं माय," दारातली एक म्हणाली. मोठी आई मोठ्यानं हसली आणि मग पाहुण्यांची आठवण येऊन गप्प झाली.

आत्याबाई हसल्या नाहीत. पण त्यांनी बशी परत हातात घेतली होती. "समजलं. सासू अन् सून. एक गेली, एक अटकली. पन हिचे दात खरे हायेत कशावरून? कवळीतबी बाया रोवतात का?"

"नाही. कवळीत दोरी नसते. बाहेर थंड लागलं की खऱ्या दाताच्या दोरीला हिसका बसतो."

हे वाक्य माझ्या तोंडातून बाहेर पडलं आणि सगळ्यांच्या माना बर्फाच्या पोत्याकडे वळल्या.

मला थांबवता आलं असतं असं नाही. मोठ्या आईनं अडकित्त्यानं बर्फाचा खडा तोडला. ताईच्या खालच्या एका दाढेचा टवका लहानपणी चाराच्या बिया फोडताना उडाला होता. आम्ही सगळीच पोरं जंगलातून आणलेली चारं दातांनी फोडून आतली चारोळी खायचो. तिथे वरचं आवरण गेलेलं होतं आणि आतलं पिवळं उघडं होतं. ताईला हे माहीत होतं, मलाही. तिनं खडा घेतला, मुलाकडे एकदा बघितलं आणि मुद्दाम त्याच दाढेवर ठेवला.

ती किंचाळली. बर्फ उडून आत्याबाईंच्या ओटीत पडला. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. मोठे बाबा, मोठी आई, दारातल्या बाया, सगळे एकदम आनंदले.

"जिते हायेत! पाह्यलं का? जिते हायेत!"

आपल्या पोरीला दुखलं म्हणून आईबापांनी एकमेकांचे हात धरलेले मी तेव्हाच पाहिले.

आत्याबाईंनी ओटीतला बर्फ उचलला, लुगड्याला पुसला आणि स्वतःच्या तोंडात टाकला. दातांवर फिरवला. वाट बघितली. "मले काई नाई लागत."

"वय झालं की आतल्या बाया दारं बुजवून घेतात," मी म्हणाले. "आतून."

"बरोबर करतात," आत्याबाई म्हणाल्या.

मला वाटलं, सुटलो. पण आत्याबाई बर्फ चोखत विचार करत होत्या, आणि बर्फ संपला तेव्हा त्यांची खरी हरकत बाहेर आली. ती पहिल्यापासून तीच असावी.

"दात खरे हायेत, मानलं. पन आमच्या गावात ही एकटीच पांढरी. हसली का सारे पाह्यतीन. लोकं म्हनतीन, ही आपली नोहे. अन् लेकरं? लेकरं कोनावर जातीन?"

"दातांचं म्हणाल तर आईवर नाही आणि बापावरही नाही," मी म्हणाले. "पाण्यावर. तुमच्या विहिरीच्या पाण्यात एक क्षार जास्त असेल. रोवणी चालू असताना ते पाणी आलं की तेवढं शेत कच्चं राहतं. दात उगवल्यावर त्यात रंग बसतो. समोरच्या दातांची रोवणी मूल पाळण्यात असल्यापासून चार-पाच वर्षांचं होईपर्यंत चालते. वर दुधाचे दात हसत असतात आणि खाली हाडात हे काम चाललेलं असतं. नंतर कुठलंही पाणी प्या, रंग बदलत नाही."

"म्हनजे आमच्या विहिरीले नाव ठेवते तू?"

मी घाबरून दुसरीकडे बघितलं. दुसरीकडे म्हणजे मुलाकडे. तो माझ्या बोलण्यावर काहीतरी म्हणायला तोंड उघडून बसला होता, आणि त्याचे दात मला प्रथमच नीट दिसले. टोकाला तपकिरी. हिरडीजवळ तपकिरी. पण मधे, समोरच्या दोन्ही दातांवर, एकाच उंचीवर, एक आडवा स्वच्छ पट्टा. खडूसारखा नाही, साध्या दाताच्या रंगाचा.

आम्हाला वर्गात शिकवलं होतं की शेत टोकापासून हिरडीकडे रोवलं जातं; मधला भाग म्हणजे दोन-तीन वर्षांचं वय. मी बोट वर केलं, शाळेत करायची तसं, आणि त्याला विचारलं, "तुम्ही दोन-तीन वर्षांचे असताना दुसऱ्या कुठल्या गावी राहत होता का? वर्षभर तरी?"

तो आत्याकडे बघू लागला. "मले नाई आठवत. आत्या?"

आत्याबाईंनी बशी परत खाली ठेवली. मध्यस्थ भाऊंनी त्यांच्याकडे बघून हातातला पंखा फिरवायचं थांबवलं.

"त्याची माय खाटेवर होती," त्या शेवटी म्हणाल्या. "तवा मामाकडं धाडलं होतं त्याले. माय गेली तवा मी आनलं." मग माझ्याकडे वळून, "तुले कोनं सांगितलं?"

"त्यांच्या दातांवर आहे."

एवढं बोलायला नको होतं. पत्रिका गोदरीत टाकलेले मध्यस्थ भाऊ सरकत सरकत माझ्यासमोर आले आणि त्यांनी आ केला. "माह्या पाह्य ना. माह्यावाल्यात काय लिवलं हाये? बदलीचं दिसते का काई?" दारातल्या बायांनी पोरांना पुढे ढकललं. एकीनं विचारलं, पोरगं पास होईल का. मी सगळ्यांना सांगत होते की दातांत पुढचं नसतं, फक्त मागचं असतं, तेही लहानपणापुरतंच. कुणी ऐकत नव्हतं. मोठे बाबा रांग लावत होते.

त्या गोंधळात आत्याबाई उठल्या. भाच्याची हनुवटी धरून त्यांनी त्याचं तोंड उजेडाकडे वळवलं. ओठ अंगठ्यानं वर केला, बैलाचा करतात तसा. आणि त्या पट्ट्याकडे बघत राहिल्या. वीस वर्षं ते तोंड त्यांनी धुतलं, भरवलं, पुसलं होतं. तो पट्टा त्यांना कधी दिसला नव्हता.

"मामाचं गाव कोणतं?" मोठ्या आईनं हळूच विचारलं.

गाव निघालं आमच्याच शेजारचं. दोन कोसांवर, एकाच तलावाखालचं. तिथल्या विहिरींना पाणी त्याच तलावाचं.

आत्याबाईंनी ओठ सोडला. "म्हनजे हे तुमच्या इथलं पानी हाये. ह्याच्या दातात."

"एवढ्या पट्ट्यापुरतं," मी म्हणाले.

"जेवढं हाये तेवढं." त्या खाली बसल्या, पोह्यांची बशी जवळ ओढली आणि पहिला घास घेतला. आमच्याकडे त्याचा अर्थ सगळ्यांना कळतो. "ज्या घरचं पानी पेलं त्या घरी नाई कसं म्हनाव? याची माय तवाच सोयरीक करून गेली. आपल्याले उशिरा समजलं."

मुलगा हसला, दात दाखवून. ताईही. आत्याबाई म्हणाल्या, "तू जरा कमी हस, माय. डोळ्यावर येते."

लग्न त्याच उन्हाळ्यात झालं. हेडमास्तर आले होते. ताईच्या सासरी पहिले काही महिने बाया निमित्त काढून यायच्या आणि तिला काहीतरी विनोदी सांगायच्या. मी पुढची निदान चार वर्षं कुठल्याही लग्नाला गेले नाही, कारण मला बघितलं की माणसं तोंड उघडत. पुढच्या वर्षी आमच्या एका प्राध्यापकांनी सांगितलं की असे पट्टे दातांवर इतके स्वच्छ सहसा पडत नाहीत, त्यावरून वय सांगणं म्हणजे धाडस आहे. मी मान डोलावली.

ताईची नोकरी नागभीडकडे होती. तिची मुलगी जन्मली ती आमच्या खेड्यातच, आणि बराच काळ तिथेच वाढली. मधे, मुलगी तीन वर्षांची असताना, एक वर्ष ताईची बदली सासरच्या गावी झाली तेव्हा दोघी तिकडे होत्या. पाण्याबद्दल मी ताईला सांगितलं होतं. तिनं शेजारच्या गावाहून घागरी आणवल्या, जमेल तितक्या. आत्याबाईंनी त्या घागरींना नावं ठेवली आणि स्वतःही त्यातलंच पाणी प्यायल्या.

दशक संपता संपता मुलीचे समोरचे दुधाचे दात पडले आणि पक्के दात आले. मी सुट्टीत गेले होते. आत्याबाई म्हाताऱ्या झाल्या होत्या, स्वतःचे दात बहुतेक गेलेले. त्यांनी पोरीला अंगणात उभं केलं, हनुवटी धरली आणि ओठ वर केला. दात पांढरेशुभ्र होते. फक्त हिरडीपासून थोडं खाली, एक अगदी फिकट पिवळी रेघ.

आत्याबाईंनी त्या रेघेवर नख ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं, मी काही हरकत घेते का ते बघायला.

"ही माही," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि हो म्हणाले.